देशोधडीस लागलेल्या घरातील लेकीची वाणी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, भूम येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्यासारख्या अल्पशिक्षित माणसास मंडळाने या व्यासपीठावर उभे केले, याबद्दल आम्ही प्रथम आभार मानतो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत आणि त्यावर दोन वर्षांची अध्यापन पदविका, एवढेच. छत्तीस वर्षे खेडोपाडीच्या प्राथमिक शाळांत खडूची धूळ खाल्ली. पांडित्य आमच्यापाशी नाही. तेव्हा आजच्या विषयावर आम्ही जे बोलू ते वाचलेले, ऐकलेले आणि काही डोळ्यांनी पाहिलेले असेल. चुकले तर आपण पोटात घालावे.

विषय असा की, पोटासाठी गाव सोडून परमुलुखात गेलेल्या घरातील वयात येणाऱ्या मुलीला स्वतःची वाणी कशी सापडते आणि ती कवितेतूनच का सापडते. कार्यकारिणीतील एका मित्राने आम्हांस विचारले, “गुरुजी, मेळाव्यात वधूवर परिचय आहे, गुणगौरव आहे, वसतिगृहाच्या निधीचा प्रश्न आहे. त्यात कविता कोठून आणली?” त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भाषणाच्या शेवटी आपोआप मिळेल अशी आशा आहे.

स्थलांतर हा विषय आपल्या भूम-परांड्याच्या लोकांस नवा नाही. बालाघाटाच्या या माळावर पाऊस पडला तर पीक, नाही तर धूळ. १९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी वयाचे होतो. खडी फोडण्याच्या कामावर सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसे या सभेत अजून असतील. त्या वर्षी आमच्या आळीतील निम्मी घरे कुलपे लावून गेली आणि त्यांतील काही कुलपे पुन्हा उघडलीच नाहीत. ती माणसे पुणे-मुंबईस राहिली. त्यांची नातवंडे आज मोटारींतून या मेळाव्यास आली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. ज्यांना तसे जमले नाही ते दरवर्षी दिवाळी झाली की कोयता घेऊन निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. जाणे दोघांचेही सारखेच. एकाचे कायमचे, दुसऱ्याचे दर सालचे.

आता एका मुलीची गोष्ट सांगतो. ती आपल्याच मराठवाड्यातील आहे.

वेरुळाच्या पश्चिमेस देवगाव नावाचे गाव आहे. हल्ली त्यास देवगाव रंगारी म्हणतात. तेथे आऊजी कुलकर्णी नावाचे गृहस्थ होते, त्यांच्या पत्नीचे नाव जानकी. शके १५५० म्हणजे सन १६२८ मध्ये त्यांस मुलगी झाली, तिचे नाव बहिणा. अगदी अजाण वयात तिचे लग्न शिऊरच्या गंगाधर पाठक नावाच्या तिशीतील बिजवराशी लावून दिले. तीच पुढे संत बहिणाबाई म्हणून ओळखली गेली. येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. शाळेत दर वर्षी निम्मी मुले या बहिणाबाईंची आणि खानदेशच्या बहिणाबाई चौधरींची गल्लत करीत. चौधरीबाई १८८० साली जन्मल्या, १९५१ साली वारल्या, आणि त्यांच्या कविता १९५२ साली, त्यांच्या मागे, पुस्तकरूपाने निघाल्या. आम्ही बोलतो आहोत त्या बहिणाबाई तुकोबारायांच्या काळच्या. या दोघींत अडीचशे वर्षांचे अंतर आहे. दोघींनाही शाळा ठाऊक नव्हती, एवढे साम्य खरे.

आणखी एक गोष्ट. संतांविषयी बोलताना अहो-जाहो करावे, ही रीत आम्ही जाणतो. परंतु आम्हांस आज बोलावयाचे आहे ते संतपदास पोहोचलेल्या बहिणाबाईंविषयी नसून, घर सोडून रस्त्यास लागलेल्या नऊ वर्षांच्या पोरीविषयी आहे. म्हणून एकेरीत बोलतो. क्षमा असावी.

बहिणा नऊ वर्षांची असताना घरावर अरिष्ट आले. भाऊबंदकीचा तंटा आणि डोक्यावरचे कर्ज, या दोन गोष्टी एकत्र झाल्या म्हणजे घर उभे राहत नाही, हे सांगण्यास इतिहासाची पोथी नको. जावयाच्या मदतीने रातोरात ते कुटुंब गावातून निघाले. आई, बाप, भावंड, नवरा आणि ही मुलगी. पुढे तिने आपल्या अभंगांत हा सारा प्रवास सांगितला आहे. गोदाकाठ झाला, शिंगणापूरच्या महादेवाचे रान झाले, पंढरपूर झाले. वाटेत भिक्षा मागून पोट भरावे आणि पुढचा मुक्काम गाठावा. पुढे साताऱ्याकडील रहिमतपुरास त्यांस थारा मिळाला. तेथील कुलकर्णी काशीयात्रेस जावयास निघाले होते. त्यांच्या माघारी त्यांचे काम गंगाधरपंतांनी पाहावयाचे, अशी सोय झाली. कुलकर्णी यात्रेहून परतले तशी सोय संपली. बदली कामावर राहिलेल्या माणसाचे असेच होते. पुन्हा बिऱ्हाड उचलले ते कोल्हापुरास आले, आणि बहिरंभट नावाच्या वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणाच्या वाड्यात राहू लागले. तोपर्यंत मुलीस बारावे लागले होते.

नऊ ते बारा ही मुलीच्या वयाची वर्षे कशी असतात ते येथील मातांस आम्ही काय सांगावे? या वयात मैत्रिणी लागतात, सागरगोटे लागतात, ओळखीचा पाणवठा लागतो. तिला तीन वर्षांत तीन मुलुख मिळाले. मैत्रीण एकही मिळाली नाही. कोल्हापुरात तिला जो सोबती मिळाला तो म्हणजे एक वासरू. बहिरंभटांस दानात मिळालेली गाय वासरासह त्यांनी गंगाधरपंतांस दिली. ते वासरू या मुलीच्या हातूनच चारा खाई, पाणी पिई. ती पाण्याला निघाली की मागे, कीर्तनाला निघाली की मागे. ही हकीकत तिने इतक्या मायेने सांगितली आहे की, वाचताना संतचरित्र बाजूस राहते आणि परक्या शहरातील एकटी मुलगी समोर उभी राहते.

कोल्हापुरात पुराणे चालत, हरिकथा चालत. वडगावचे जयरामस्वामी तेथे आले आणि त्यांच्या कीर्तनात बहिणेच्या कानी तुकोबांचे अभंग पडले. आमच्या मते सारे मर्म येथेच आहे. देवगावच्या वाड्यात ती राहिली असती, तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरचे किती शब्द तिच्या कानी आले असते? घर मोडल्यामुळे तिला दुःख मिळाले, हे खरे. पण त्याच रस्त्यावर, परक्या गावात, गर्दीत बसून तिने दुसऱ्या कुणाचे तरी शब्द ऐकले आणि हे आपलेच आहेत असे तिला वाटले. तुकोबाही कर्जाने आणि दुष्काळाने पोळलेले. वाणी फुटण्यापूर्वी कान उघडावा लागतो. बालवाडीतील मूल वर्षभर मुके बसते आणि एके दिवशी पूर्ण वाक्य बोलते, हे शिक्षकांस ठाऊक आहे.

अभंगाविषयी दोन शब्द बोलल्यावाचून आमच्यातील मास्तरास चैन पडणार नाही. मोठ्या अभंगात प्रत्येक कडव्यास चार चरण. पहिल्या तिहींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. झाले. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही, गणांची घोकंपट्टी नाही, बोटांवर मोजता येते. ज्याला लिहिता येत नाही त्यालाही रचता येते, आणि ज्याने ऐकले त्याच्या तोंडी राहते. जात्यावरची ओवी तर याहून मोकळी. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांत हिंडून बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. त्या रचणाऱ्या बहुतेक जणी सासरी आलेल्या, म्हणजे परगावी आलेल्या. नांदावयास गेलेली प्रत्येक लेक ही एका अर्थाने देश सोडून आलेलीच असते, हे आपण विसरतो. आपल्या जवळच्या गंगाखेडची जनाबाई लहानपणी पंढरपुरास दामाशेटींच्या घरी राहिली आणि तेथे दळण-कांडण करता करता तिने केवढी रचना केली! तेरच्या गोरोबाकाकांना जसे चिखलात देव सापडला तसा तिला जात्याच्या घरघरीत सापडला असावा, असे आम्ही मुलांस सांगत असू.

असो. जयरामस्वामींच्या कीर्तनास बहिणा गेली, वासरूही गेले. मोरोपंत नावाच्या गृहस्थांच्या वाड्यात दाटी फार झाली, तेव्हा वासरास बाहेर काढले. ते हंबरू लागले. स्वामींनी त्यास आत आणविले, त्या मुक्या जनावराच्या आणि त्या मुलीच्या मस्तकी हात ठेवला. गावात बोलवा झाली. कोणी ती नवऱ्याच्या कानी घातली. वेदपाठी ब्राह्मण, स्वभाव तापट, आणि आपल्या पोरसवदा बायकोचे नाव चारचौघांत निघते आहे! त्यांनी तिला वेणी धरून मारले, बांधून घातले. गाय-वासराने चारापाणी सोडले आणि त्यात वासरू मेले. मुलगी निपचित पडली. पुढे तिला स्वप्नात तुकोबा दिसले आणि त्यांनी तिला मंत्र दिला, असे ती सांगते.

यानंतरची हकीकत अधिकच बिकट आहे. गुरू म्हणून तिने मनाने ज्यास वरिले तो देहूचा वाणी, रूढीच्या भाषेत शूद्र. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्रास गुरू करावे, हे नवऱ्यास कसे खपावे? तो तिला टाकून जावयास निघाला, तेव्हा ती गरोदर होती. पण त्याच सुमारास तो दुखण्याने खिळला. महिनाभर तिने त्याची शुश्रूषा केली. त्या आजारात त्याचे मन पालटले आणि सारे कुटुंब देहूस गेले. तेथेही मंबाजी गोसाव्याने त्यांस पुष्कळ छळले. तेथेच तिला मुलगी झाली. पुढे ती शिऊरला गेली आणि शके १६२२ म्हणजे सन १७०० मध्ये बहात्तर वर्षांची होऊन तेथेच वारली. वैजापूर तालुक्यातील त्या गावी तिची समाधी आहे.

नवऱ्याचा मार खाऊनही पुढे तिने पतिसेवेची थोरवी गाणारे अभंग रचले. आजच्या मुलींस हे पटणार नाही. खरे सांगावयाचे तर आम्हांसही पटत नाही. परंतु त्याच मुखाने तिने असेही म्हटले आहे की, स्त्रीचा देह मिळाला म्हणून वेदाचे दार बंद, मंत्राचा अधिकार नाही, हे केवढे दुर्दैव! दोन्ही बोलणी तिचीच. एक सोयीचे म्हणून घ्यावे आणि दुसरे अडचणीचे म्हणून झाकावे, असे करता येत नाही. तिने वज्रसूची नावाच्या संस्कृत ग्रंथाचा आशय मराठी अभंगांत आणला. त्या ग्रंथात प्रश्न विचारला आहे की, ब्राह्मण कोणास म्हणावे, जन्माने, देहाने, विद्येने की आणखी कशाने? आणि उत्तर निघते ते जन्माच्या बाजूचे नव्हे. कुलकर्ण्याची लेक हे विचारते! ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावर हे सांगताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. पण मंडळ आहे ते एकमेकांस हात देण्यासाठी, अशी आमची समजूत आहे, म्हणून सांगितले.

स्वतःच्या जन्माची आणि घराची हकीकत तिने स्वतः सांगितली, म्हणून मराठी स्त्रीचे पहिले आत्मचरित्र, असा तिच्या अभंगांचा उल्लेख अभ्यासक करतात. जस्टिन ॲबट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने १९२९ साली त्यांचे इंग्रजी भाषांतर छापले. जिला कर्जापायी रात्री गाव सोडावे लागले तिचे शब्द असे सातासमुद्रापार गेले.

पलीकडच्या त्या अमेरिकेतही अशीच एक मुलगी होऊन गेली. तिची गोष्ट थोडक्यात सांगतो. आफ्रिकेतून सात-आठ वर्षांच्या मुलीस पकडून १७६१ साली गुलामांच्या जहाजातून बोस्टन शहरी आणून विकले. जहाजाचे नाव फिलिस, तेच तिला ठेवले. धन्याचे नाव व्हीटली, तेच तिचे आडनाव झाले. फिलिस व्हीटली इंग्रजी शिकली आणि १७६७ साली, चौदाच्या आत-बाहेर असताना, तिची पहिली कविता छापली गेली. १७७३ साली तिचे पुस्तक लंडनमध्ये निघाले. पण गुलाम मुलीने हे लिहिले यावर लोकांचा विश्वास बसेना. म्हणून बोस्टनच्या अठरा प्रतिष्ठित गृहस्थांनी, हे हिचेच आहे, अशी सही दिली आणि ती पुस्तकात छापली. बहिणेचा मार आणि फिलिसच्या पुस्तकातील त्या सह्या, यांत आम्हांस एक नाते दिसते. मुलीने बोलले की कोणीतरी मोठे माणूस उठून तपासावयास येते. ते बोलणे हिचे कशावरून? हिने बोलावेच का? बोलली ते शुद्ध आहे काय?

या तपासणाऱ्यांत एकदा आम्हीही होतो. ते आज सांगावयाचे आहे.

१९९८-९९ सालची गोष्ट. आम्ही याच तालुक्यातील एका खेड्यात होतो. सातवीच्या वर्गात आपल्याच ज्ञातीची एक मुलगी होती. नाव सांगत नाही, आपल्यापैकी काहीजण ओळखतील. आईबाप ऊसतोडीस जात. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरीपटावर तिच्या नावापुढे जी रेघ सुरू होई ती मार्चअखेर संपे. त्या वर्षी मात्र आजी आजारी म्हणून ती जानेवारीतच परतली आणि येताना एक वही घेऊन आली. कारखान्याच्या हजेरीच्या जुन्या कागदांची, सुतळीने शिवलेली. त्यात कविता होत्या. मुकादमाकडची उचल फिटेपर्यंत बाप मान वर करीत नाही, अशी एक होती. पहाटे फडात धुक्यात आईचा कोयता दिसत नाही, फक्त आवाज येतो, अशी एक होती. तेव्हा त्यांची टोळी कर्नाटकात होती. तेथल्या मुलींकडून शिकलेले दोन-चार कानडी शब्दही तिने बेधडक घातले होते.

आम्हांस आनंद झाला, हे खरे. स्नेहसंमेलनात तिने एक कविता वाचावी, असे आम्ही ठरविले. आणि मग लाल पेन काढले. तिने ‘कोपी’ लिहिले होते, आम्ही ‘पर्णकुटी’ केले. तिने ‘आय’ लिहिले होते, आम्ही ‘माता’ केले. कानडी ‘नीरु’ होते, त्याचे ‘जल’ केले. मुकादमाचे कडवे पाहुण्यांसमोर बरे दिसणार नाही म्हणून काढले आणि त्या जागी श्रमाची महती सांगणारे एक कडवे आम्ही स्वतः रचून घातले. पाचट आणि प्लास्टिकच्या कागदाची कोपी, जिच्यात उभे राहता येत नाही, जिच्या तोंडाशी चूल आणि मागे बैल, तिची आम्ही ऋषींची पर्णकुटी करून टाकली!

तिने ती पाठ केली, खणखणीत म्हटली. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी तिला एक पेन बक्षीस दिले. त्यानंतर वही दिसली नाही. पंधरा-वीस दिवसांनी आम्ही विचारले, “काय गं, नवीन काही लिहिलेस?” ती म्हणाली, “नाही, गुर्जी.” “का?” तर खाली पाहून म्हणाली, “ती तुमचीच झाली की.”

आम्हांस तेव्हा तिचे बोलणे उद्धटपणाचे वाटले. समजण्यास पुष्कळ वर्षे लागली. पुढच्या दिवाळीत ती फडावर गेली ती शाळेत परत आली नाही. कोपीत वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवावयाची, हा आईबापांचा घोर खरा असतो. त्यांस दोष देणे सोपे आहे. सोळावे लागण्यापूर्वी तिचे लग्न झाले. आणि एक कोयता वाढला, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्या लग्नास आम्ही हजर होतो. अक्षता टाकल्या, जेवलो, आहेर केला. ही गोष्टही येथे सांगितली पाहिजे. आम्ही शिक्षक होतो, आम्हांस तिचे वय हजेरीपटावरून तोंडपाठ होते.

पुण्या-मुंबईहून आलेल्या बंधु-भगिनींस वाटेल, हे ऊसतोडीचे, आमच्या मुलींचे काय? त्यांस एवढेच विचारतो. तुमच्या लेकी घरी आजीशी कोणत्या बोलीत बोलतात? पाहुण्यांसमोर ‘व्हय’ म्हटले तर त्यांस कोणी टोकते काय? आणि त्यांच्या कपाटातील वही कोणी कधी उघडली आहे काय? उघडली असेल तर वाचण्यासाठी, की तपासण्यासाठी?

आता शेवटचे. त्या मुलीने, म्हणजे आज चाळिशीस टेकलेल्या बाईने, आता फड सोडला आहे. घरी दोन म्हशी आहेत, दूध खव्याच्या भट्टीस जाते. तिच्या धाकट्या लेकीस तिने फडावर नेले नाही. हंगामी वसतिगृहात, कधी मावशीकडे, असे ठेवून शिकविले. ती मुलगी नववीत आहे. गेल्या दिवाळीत मायलेकी आमच्या घरी आल्या. लेकीच्या हातात वही. आई म्हणाली, “गुर्जी, वाचा. पर पेन खिशात ठेवा.” आम्ही पेन काढून आमच्या सौभाग्यवतीच्या हाती दिले आणि मग वही उघडली.

त्यातील एक कविता आज या व्यासपीठावर वाचली जावी, असा आम्ही अर्ज केला. कार्यकारिणीत त्यावर दोन बैठका झाल्या. कवितेत उचलीचा उल्लेख आहे, पोटुशी बाई मोळी उचलते त्याचा आहे, आणि आपल्या देणगीदारांत टोळ्या चालविणारे काही सद्गृहस्थ आहेत. त्यांनी वसतिगृहास मदत केली आहे, ती आम्ही नाकारीत नाही. एका सदस्याने सुचविले, दोन शब्द बदला म्हणजे कोणाचेच मन दुखावणार नाही. ते दोन शब्द कोणते तेही त्यांनी सांगितले. आम्ही म्हटले, पूर्वी आम्ही तीन शब्द बदलले होते आणि त्याची किंमत आम्हांस ठाऊक आहे. शेवटी ठरले की, वाचावी, पण जबाबदारी गुरुजींची. जबाबदारी आम्ही घेतली आहे. ज्यांस राग येईल त्यांनी तो आमच्यावर काढावा, मुलीस एक शब्द बोलू नये. गुणगौरव समितीस आमची वेगळी विनंती आहे की, बक्षिसे केवळ टक्क्यांवर न देता, सहा महिने गावाबाहेर राहून परीक्षेस बसलेल्या मुलामुलींची यादी निराळी करावी. त्या यादीसाठी लागणारी नावे आमच्यापाशी तयार आहेत. आणि स्मरणिकेच्या संपादकांस विनंती की, कविता छापाल ती तिच्या शुद्धलेखनासह छापावी.

तिच्या आईस आम्ही पुढे बसावयास सांगितले होते, पण ती मागे, दाराशी उभी आहे. तिला जागा करून द्यावी. ध्वनिक्षेपक थोडा खाली घ्यावा लागेल, मुलगी उंचीने लहान आहे. ये बाळ.